किल्ली कुणाकडे?

पंच्याहत्तरीच्या माणसाला नवे प्रश्न विचारू नयेत. जुन्यांचीच उत्तरे इतकी बाकी असतात, की नव्याला बसायला पाट मिळत नाही. पण गेल्या महिन्यात मोटारीच्या दुकानात, गळ्यात पट्टा घातलेल्या एका कोवळ्या पोराने मला विचारलेच, "काका, गाडी उघडायला रोज काय वापरणार? फॉब, कार्ड की फोन?"

मी म्हणालो, "किल्ली."

पोस्टात जाऊन तार करायची आहे म्हणणाऱ्याकडे बघावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. "तशी किल्ली आता नसते, काका," तो मृदू आवाजात म्हणाला. अशा आवाजात मी यापूर्वी फक्त डॉक्टरांना बोलताना ऐकले आहे.

गाडी चिरंजीवांची, पैसे चिरंजीवांचे, पेढे तेवढे माझे. अटी अशा होत्या : गाडीबरोबर दोन कार्डे मिळणार. फोन हवा तितक्यांचा जोडता येणार. फॉब, म्हणजे आपण ज्याला रिमोट म्हणतो तो, हवा असेल तर वेगळे पैसे मोजायचे. घरी येईपर्यंत तीन पक्ष पडले. चिरंजीव फोनच्या बाजूचे, कारण ते झोपेतही फोनच्याच बाजूला असतात. सूनबाई कार्डाच्या बाजूच्या. आमची ही म्हणाली, "जी वस्तू हरवली तर सापडते, ती घ्या." घरातली कुठली वस्तू या व्याख्येत बसते यावर अर्धा तास गेला. शेवटी मी म्हणालो, "विचार करून सांगतो." पेन्शनरला सरकारने दिलेला हा एकमेव बिनशर्त हक्क आहे. आठ दिवस मी किल्ली या विषयावर विचार केला. त्याचे फलित पुढे देत आहे.

सुरुवात शब्दापासून. पुण्यात आम्ही 'किल्ली' म्हणतो. 'चावी' म्हणणारा माणूस खंडाळ्याचा घाट चढून आलेला आहे, हे आम्ही मनात टिपून ठेवतो. यात निव्वळ खवचटपणा नाही. चावी हा पोर्तुगीजांचा शब्द. पाव, बटाटा आणि साबण यांच्याबरोबर तो किनाऱ्यावर उतरला. किल्लीचा संबंध संस्कृतातल्या 'कील'शी, म्हणजे खुंटी-मेखेशी. आणि कुलूप आले अरबी 'कुफ्ल'वरून, फारसीच्या मार्गे. म्हणजे पुण्यातल्या सोवळ्यातल्या कोठीला अरबी कुलूप होते आणि ते आम्ही देशी किल्लीने उघडत होतो. सर्वधर्मसमभावाची एवढी जुनी व्यवस्था दाराला लटकत असताना आपण ती पुस्तकांत शोधत बसलो.

खरे म्हणजे मोठ्या दारांना किल्ली ही भानगडच नव्हती. शनिवारवाडा घ्या. १७३२ साली वास्तुशांत झाली. दरवाजे पाच. त्यातल्या दिल्ली दरवाज्यावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. पण पेशवे मोहिमेवरून आले आणि किल्ली कुठल्या अंगरख्यात राहिली म्हणून चाचपत दाराशी उभे राहिले, असे दृश्य काही डोळ्यांपुढे येत नाही. दार आतून बंद असायचे आणि आत माणूस असायचा. त्याने ओळखले तर दिंडी उघडायची. थोरल्या दाराच्या पोटातले हे धाकटे दार. मान वाकवल्याशिवाय त्यातून आत जाता येत नाही.

नारायण पेठेतला आमचा वाडा म्हणजे याच व्यवस्थेची गरिबांची आवृत्ती. अकरा बिऱ्हाडे, एक नळ, एक दिंडी. वाडा आमचा नव्हता, पण हे माझ्या आजीला कुणी सांगितले नव्हते. रात्री दहाला ती अडसर सरकवायला लावी. दाराच्या मागून भिंतीतल्या खोबणीत जाणारे ते लाकूड एकदा बसले, की बाहेरून उघडायला जगातली कुठलीही किल्ली उपयोगाची नव्हती. माझा काका शेवटचा खेळ बघून साडेबाराला येई आणि कडी वाजवी. आतून आजी विचारी, "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

रात्री साडेबाराला हा प्रश्न विचारणारे वेदान्ती आणि माझी आजी, एवढेच. काका काकुळतीला येऊन म्हणे, "अगं आई, मी!" आणि अडसर सरके. आवाज पटला की दार किलकिले व्हायचे, मग कंदील वर करून तोंड पाहिले जायचे, आणि तोंडाला कसला वास नाही ना याची खात्री झाल्यावर प्रवेश. अलीकडे बँकेचे लोक दोन टप्प्यांची ओळख म्हणून ज्याचा डांगोरा पिटतात, ती आमच्याकडे तीन टप्प्यांची होती आणि तिला बॅटरी लागत नव्हती.

किल्ल्या होत्या त्या आतल्या दारांना. कोठी, फडताळ, ट्रंक आणि देवांच्या चांदीच्या उपकरणांची पेटी. हा जुडगा आजीच्या कमरेला असे. ती चालू लागली की तो वाजे, आणि तो वाजला की माझी आई स्वयंपाकघरात पदर सारखा करी. साखर हवी तर आजीला हाक मारायची, पाहुण्यांसाठी जास्तीची बशी हवी तरी हाक मारायची. कुलूप चोरासाठी असते हा पुरुषांचा समज आहे. घरातली कुलपे चोरासाठी नव्हतीच. या घरात कुणाला विचारायचे, एवढे ती सांगत असत.

१२ जुलै १९६१. मी दहा वर्षांचा होतो. सकाळी पानशेत फुटल्याची हूल उठली. हूल नव्हती. पाठोपाठ खडकवासलाही गेले. "पाणी येतंय!" म्हणत पेठा धावू लागल्या. आजी मात्र हलेना. तिने कोठी लावली, फडताळ लावले, खोलीला कुलूप घातले, ओढून पाहिले, परत येऊन पुन्हा ओढून पाहिले, आणि मग जुडगा कमरेला खोवून आमच्याबरोबर पर्वतीच्या बाजूला निघाली. वाटेत दोनदा म्हणाली, "कुलूप लावलंय, काळजी नाही."

दोन दिवसांनी आलो तेव्हा वाड्याचा नदीकडचा अर्धा भाग नव्हता. मातीच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या होत्या. आमची खोली ज्या बाजूला होती तिथे गुडघाभर चिखल आणि वर आकाश. काकाने चिखलात हात घालून काहीतरी ओढून काढले. कडीकोयंड्यासकट कुलूप होते. लावलेलेच होते. कुलपाने आपले काम चोख केले होते, घरानेच केले नव्हते. आजीने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडले, पदराने पुसले आणि पुन्हा लावले. ती रडली नाही. पण त्यानंतर तिला "साखर काढू का?" असे विचारले की ती म्हणे, "मला काय विचारता!" या वाक्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

ते असो. मी कुलपांच्या इतिहासाबद्दल बोलत होतो.

कुलूपवाल्यांचा इतिहास हा एका बाजूला कुलपे करणाऱ्यांचा आणि दुसऱ्या बाजूला ती उघडणाऱ्यांचा आहे, आणि धावते समालोचन नेहमी दुसऱ्यांचेच रंगते. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराने १७९० साली दुकानाच्या खिडकीत कुलूप मांडले आणि पाटी लावली, की हे जो उघडील त्याला २०० गिन्या. ही पाटी पुण्यात असती तर खाली 'चौकशी १ ते ४ बंद' असेही लिहिले असते. साठ वर्षे कुणाची डाळ शिजली नाही. मग १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकेहून हॉब्ज नावाचा गृहस्थ आला आणि सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खर्चून त्याने ते उघडले. पुढे १८६० च्या दशकात येलने पिनांचे कुलूप आणि चपटी दातेरी किल्ली आणली, जी आज आपल्या ब्लॉकच्या दाराला आहे. मूळ कल्पना मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली, शस्त्रक्रियेची हत्यारे करण्याचा एक धंदा करून पाहिला, तो बसल्यावर १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. तेव्हापासून मध्यमवर्गीय मराठी माणूस दौऱ्यावर निघताना जे ओढून बघतो, ते बहुधा गोदरेजचे असते.

मोटारींनी किल्लीकडे उशिराच लक्ष दिले. सुरुवातीच्या मोटारी पुढे हॅण्डल फिरवून चालू कराव्या लागत. ज्याच्या दंडात जोर त्याची गाडी, असा तो सरळ न्याय होता. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली.

आमच्या घरात वाहनाची पहिली किल्ली आली ती चेतकची. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्याने ही स्कूटर काढली. परमिटच्या त्या राज्यात नंबर लागायला वर्षानुवर्षे जात. लोक नोंदणी करून लग्न करीत आणि मुलांना शाळेत घालायला स्कूटरवरून नेत. मी १९७४ साली नोंदणी केली आणि १९८२ साली मला स्कूटर मिळाली. तिची किल्ली मी पहिले सहा महिने शर्टाच्या वरच्या खिशात, दिसेल अशी ठेवत असे.

मोटार मात्र आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने घेतली. चौथ्या हातची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, तीन आधीच्या मालकांचा होता. कुलूप इतके झिजले होते, की ती मोटार त्याच्या किल्लीने, माझ्या सायकलच्या किल्लीने आणि एकदा तर आइस्क्रीमच्या चमच्यानेही उघडली. तो म्हणायचा, "बरं आहे, किल्ली हरवायची भीती नाही."

आता मूळ मुद्द्याला येतो. रिमोटचा उगम फ्रान्सचा. १९८२ साली, म्हणजे मी चेतकची किल्ली खिशात मिरवत होतो त्याच वर्षी, रेनो कंपनीने फ्युएगो नावाच्या गाडीला लांबून दाबून उघडण्याची किल्ली दिली. करणाऱ्याचे नाव पॉल लिपशुट्झ, त्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून फ्रेंच लोक त्या किल्लीला अजून 'प्लिप' म्हणतात. 'फॉब' हा मात्र इंग्रजांच्या विजारीतल्या घड्याळाच्या चोरखिशाचा शब्द. पुढे गाडीला नुसते बटणही नको झाले. रिमोट खिशात असला की झाले. गाडी हळू आवाजात विचारते, "कोण आहे?" खिशातला रिमोट म्हणतो, "मी." प्रत्येक वेळी या 'मी'चे आकडे वेगळे असतात, म्हणून ऐकून ठेवलेला कालचा 'मी' चोराला आज चालत नाही. हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. ही तर माझी आजी!

पण आजीत आणि मोटारीत एक फरक आहे. आजी तोंड बघायची. चोरांनी दोन पेट्या काढल्या. एक चोर पेटी घेऊन गाडीशी उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी. गाडीची हाक पहिली पेटी दुसरीला पोचवते, दुसरी घरातल्या खुंटीवरच्या रिमोटला. रिमोट झोपेतून म्हणतो "मी", आणि गाडी दार उघडते. जर्मनीतल्या मोटारमालकांच्या मोठ्या संघटनेने २०१६ साली अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर हा प्रयोग करून दाखवला. आता नव्या गाड्यांत रिमोट किती दूर आहे हे लहरींच्या प्रवासाच्या वेळेवरून मोजतात. ज्यांच्या गाड्या तशा नाहीत त्यांना तज्ज्ञांचा सल्ला असा, की रिमोट रात्री घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावा. आमच्या हिला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी डब्यातच ना?" मंगळसूत्रापासून रेशनकार्डापर्यंत सर्व मौल्यवान वस्तू डब्यात ठेवणाऱ्या परंपरेचा तो विजय होता.

कार्डाचे तसे नाही. ते दाराच्या ठरावीक जागी, बोट-दोन बोटे अंतरावर टेकवावे लागते. त्याला बॅटरीही नाही. गाडीच त्याला क्षणभर पुरेल एवढी वीज देते आणि त्या विजेवर ते आपले नाव सांगते. मेट्रोच्या फाटकावर टेकवतो त्यातलाच हा प्रकार. म्हणजे दूरच्या चोराची पीडा नाही. पीडा एवढीच, की पाकिटात मेट्रोचे, बँकेचे, आरोग्य विम्याचे आणि वाचनालयाचे कार्ड असते. मी वाचनालयाच्या कार्डाने मोटार उघडायचा प्रयत्न करीन, आणि ग्रंथपालबाई मोटारीचे कार्ड पाहून दोन पुस्तके जास्त देणार नाहीत. शिवाय कार्ड वाजत नाही. घरात कुणी पदर सारखा करणार नाही.

राहिला फोन. फोनचे म्हणणे असे की मी आहेच खिशात, वेगळे काही नको. खरे आहे. पण फोनची बॅटरी संपायची वेळ आणि धो धो पाऊस यांचे मुहूर्त एकाच पंचांगातून निघतात. रिमोटची गोळी संपली तर बहुतेक रिमोटांच्या पोटात एक बारीक लोखंडी किल्ली लपवलेली असते. म्हणजे एवढ्या शास्त्राच्या पोटात शेवटी आजीच. फोनच्या पोटात कुणी नाही. आणि फोनची किल्ली दुसऱ्याला पाठवता येते. मुंबईतून पुण्याला, पुण्यातून अमेरिकेला. तशीच परतही घेता येते. माणसाला न सांगता.

हे शेवटचे मला तज्ज्ञांकडून कळले नाही. ते गॅलरीतून कळले. मी तिथे वर्तमानपत्र वाचत होतो, आणि आत चिरंजीव आईला सांगत होते, "फोनचंच बरं गं. बाबांच्या फोनवर किल्ली पाठवून ठेवू. उद्या गाडी चालवायला नको म्हणायची वेळ आली, तर बोलायला नको, वाईट वाटायला नको. इकडूनच बंद करता येते."

त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता. काळजी होती. म्हणूनच ते जास्त लागले. दसऱ्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाने माझ्या जुन्या गाडीला पोचा पाडला होता. तो खांब गेली बावीस वर्षे त्याच जागी आहे, हे मी कमिटीपुढे मान्य केले आहे. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने झाली, तरी रात्री समोरून दिवे आले की कर्वे रस्ता मला दिवाळीसारखा दिसतो. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण एखाद्या सकाळी आपण गाडीजवळ उभे राहावे, फोन पुढे करावा, गाडीने "कोण आहे?" विचारावे, आपण "मी" म्हणावे, आणि तिने ओळख देऊ नये! माझ्या काकालासुद्धा आजीने अशी वागणूक कधी दिली नाही.

मला १९८६ चा पाडवा आठवला. आईच्याही डोळ्यांत तेव्हा मोती पडला होता. सदाशिव पेठेतल्या घरात तिला डब्यांवरची नावे दिसेनाशी झाली होती. कुणी काही बोलले नव्हते. जेवणे झाल्यावर तिने कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवला. "घे. मला आता जड होतात." चार किल्ल्या कामाच्या होत्या. पाचवी गंजलेली होती. हिने विचारले, "ही कशाची?" आई म्हणाली, "असू दे." तेवढेच. त्या दिवसानंतर आई घरात लहान झाली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ही प्रत्येक गोष्ट तिला विचारू लागली.

म्हणून माझा निर्णय असा झाला : रिमोट. वेगळे पैसे भरून, आणि ते पैसे माझे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, कशाला? फोनवर फुकट आहे." त्याला मी कारण सांगितले नाही. लेख लिहिणाऱ्या माणसाने घरात सगळेच बोलून टाकले तर मासिकाला काय पाठवायचे?

गाडी आली. पूजा झाली. नारळ कुणी फोडायचा यावर वाद झाला. मी बरोबर एक आठवडा ती चालवली, दिवसाउजेडी, डेक्कनपर्यंत आणि परत. खांबाला नमस्कार करून. आठव्या दिवशी संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आल्या तेव्हा रिमोट त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "घे. मला आता जड होतो." पन्नास ग्रॅमचीसुद्धा ती वस्तू नसेल.

चिरंजीव फोनमधून वर बघेनात. ही उगाचच स्वयंपाकघरात गेली आणि डबे वाजवू लागली. सूनबाईंनी रिमोट उलटसुलट केला. त्याच्या कडीत मी आधीच एक जुनी, गंजलेली किल्ली अडकवून ठेवली होती.

"बाबा, ही कशाची?"

"नारायण पेठेची," मी म्हणालो. "असू दे. गाडी चोरीला गेली तरी वाडा आपल्याकडे राहील."

त्या हसल्या. मग पर्समधून आपले कार्ड काढून त्यांनी माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात घातले. "हे तुमच्याकडे. रविवारी मंडईत जायचंय. गाडी तुम्ही उघडायची, चालवीन मी."

तेव्हापासून दर रविवारी मी खाली जातो, वाचनालयाचे कार्ड आधी बाजूला काढतो आणि दुसरे दाराला टेकवतो. गाडी मला ओळखते. मग मी डावीकडे बसतो आणि सूनबाईंना, त्यांनी विचारले नाही तरी, रस्ता सांगतो.